निवृत्ती नेमकी कशापासून?

नोकरी संपण्याच्या घटनेला मराठीत दोन शब्द रूढ आहेत, आणि निरोपसमारंभाच्या पत्रिकेत त्यांपैकी कोणता छापावा यावर कार्यालयात थोडी चर्चा होतेच. ‘सेवानिवृत्ती’ हा शब्द भारतीय तत्त्वविचारातील प्रवृत्ती-निवृत्ती या जोडीतला. प्रवृत्ती म्हणजे कर्माकडे वळणे आणि निवृत्ती म्हणजे त्यापासून मागे फिरणे, त्यामुळे या शब्दाला वैराग्याची छटा आपोआप चिकटते. ‘सेवापूर्ती’ हा शब्द काम तडीस गेल्याचे सुचवतो, म्हणून शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाला तो अधिक मानवतो. शासकीय आदेश दोन्ही छटा टाळून ‘नियत वयोमानानुसार’ एवढेच म्हणतो. ठरलेले वय झाले, यापलीकडे त्याला काही सांगायचे नसते. तीन-साडेतीन दशके ज्या खुर्चीवर काढली तिच्याबद्दल माणसाला काय वाटत होते, हे यांपैकी कोणत्याच शब्दातून कळत नाही आणि निरोपाच्या भाषणांतून तर मुळीच कळत नाही, कारण त्या दिवशी प्रत्येक कर्मचारी कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊच असतो.

प्रस्तुत लेखात या न कळणाऱ्या भागाविषयीच्या दोन विरुद्ध भूमिका दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. त्यांतील एक सातारा येथील एका शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत ३४ वर्षे नोकरी करून सहायक लेखाधिकारी या पदावरून निवृत्त झालेले, आणि दुसरे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. दोघे एकाच वसाहतीत राहतात, संध्याकाळी साताऱ्यातील ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंत बरोबर फिरायला जातात, आणि वसाहत त्यांना अनुक्रमे अण्णा आणि गुरुजी म्हणते. अण्णांना नोकरी कधीही आवडली नाही आणि निवृत्तीनंतरची सात वर्षे ही आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची वर्षे आहेत असे ते उघडपणे सांगतात. गुरुजींना निवृत्त होऊन तीन वर्षे झाली आहेत. त्यांना नोकरी अतिशय आवडत होती, आणि अण्णांचे हे सुख त्यांना संशयास्पद वाटते.

गुरुजींचा पहिला आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. “अण्णा, ज्या पगारावर घर बांधलेत, दोन्ही मुली शिकवल्यात, आणि जिचे निवृत्तिवेतन अजून दर महिन्याला खात्यावर जमा होते, त्या नोकरीला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा नाही का?” अण्णांना हा युक्तिवाद नवा नाही, घरातल्या मोठ्यांनी तो त्यांना नोकरी लागल्याच्या पहिल्या वर्षीच ऐकवला होता. त्यांचे उत्तर असे की पगार हा घेतलेल्या तासांचा मोबदला होता आणि तो व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख झाला, तेव्हा त्यात कृतज्ञतेचा प्रश्न येत नाही. “कार्यालयाने पगार बुडवला नाही, गुरुजी, आणि इकडून कामात कसूर झाली नाही. पण हिशेब जुळला म्हणजे माणूस सुखी होता असा निष्कर्ष कोणत्या लेखासंहितेत लिहिलेला आहे?”

या उत्तरातील ‘तास’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नोकरी नावडणे याचा अर्थ लोक सहसा आळस, कामचुकारपणा किंवा वरिष्ठांशी भांडण असा लावतात, आणि यांपैकी काहीच नसेल तर नावड खोटी ठरवतात. अण्णांच्या बाबतीत यांतील काहीही नव्हते. लेखा शाखेचे काम म्हणजे देयके तयार करणे, प्रत्येक देयकावर योग्य लेखाशीर्ष, म्हणजे शासनाच्या कोणत्या खर्चाच्या खात्यातून पैसे द्यायचे त्याचा संकेतांक, घालणे, ती कोषागारात पाठवणे आणि कोषागाराने आक्षेप लावून परत केली तर आक्षेपाची पूर्तता करून पुन्हा पाठवणे. वर्षभर संथ चालणारे हे काम मार्च महिन्यात एकाएकी ऊर फुटेस्तोवर धावू लागते, कारण ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेले अनुदान व्यपगत होते, म्हणजे त्या वर्षापुरते हातचे जाते. त्या रात्री कोषागाराच्या व्हरांड्यात हातात नस्ती घेऊन उभे राहिलेले लिपिक, कोपऱ्यात गार होत चाललेला चहा आणि दर पाच मिनिटांनी ‘झाले का?’ असे विचारणारा साहेबांचा फोन, हे दृश्य अण्णांनी चौतीस वेळा पाहिले. त्यांची देयके क्वचितच परत येत. तरीही १ एप्रिलच्या सकाळी आपण नेमके काय केले, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसे. एक इमारत किंवा एक पूल कुठेतरी उभा राहिला असेल, पण त्यांच्या टेबलावर त्याचा फक्त आकडा आला आणि गेला.

श्रम करणारा आणि त्याच्या श्रमाचे फळ यांच्यात पडणाऱ्या या अंतराला कार्ल मार्क्सने १८४४ च्या आपल्या हस्तलिखितांत जे नाव दिले त्याला मराठीत परात्मभाव म्हणतात; स्वतःच निर्माण केलेली वस्तू परकी वाटू लागणे आणि हळूहळू काम करतानाचा आपणही आपल्याला परका वाटू लागणे, असा त्याचा आशय. मार्क्सच्या डोळ्यांसमोर कारखान्यातला मजूर होता, लेखा शाखेतला लिपिक नव्हता, आणि अण्णांनी मार्क्स वाचलेलाही नाही. पण कार्यालयात शिरताना आपला चेहरा बदलतो आणि सुटल्यावर तो परत यायला सातारा बसस्थानकापर्यंतचा रस्ता पुरत नाही, असे ते सांगतात तेव्हा त्यांना दुसरे काही म्हणायचे नसते.

गुरुजींना हे पटत नाही. त्यांच्या मते दोष कामाचा नसून काम करणाऱ्याच्या दृष्टीचा आहे, आणि येथे ते साहजिकच लोकमान्य टिळकांकडे वळतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी संन्यासपर अर्थ बाजूला सारून असे प्रतिपादन केले की ज्ञान झाल्यानंतरही कर्म सोडायचे नसते, ते फळाची आसक्ती सोडून लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी यासाठी, करीत राहायचे असते. “मग लेखाशीर्ष घालणे हाही लोकसंग्रहच नाही का, अण्णा? तुमच्या त्या आकड्यामुळे कुठल्या तरी पाड्यावर पाणी पोहोचलेच असेल की.” अण्णांचे उत्तर वाकडे आहे, पण टाकाऊ नाही. निष्काम कर्मात फळ समोर असते आणि माणूस आपणहून त्यावरचा हक्क सोडतो. लेखा शाखेत सोडण्यासाठी मुळात फळच दिसत नाही, तेव्हा तिथल्या निष्कामतेचे श्रेय कर्मचाऱ्याला देणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे पुण्य देणे होय.

संवादातील सर्वांत बोचरा प्रश्न यानंतर येतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांनुसार २० वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा, पूर्ण झाली की तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. “वीस वर्षे झाल्यावर दार उघडे होते,” गुरुजी विचारतात, “मग आणखी चौदा वर्षे आत कोणी डांबून ठेवले होते?” अण्णा प्रथम गृहकर्जाचा आणि मुलींच्या शिक्षणाचा दाखला देतात, आणि ही कारणे खरीही आहेत. पण ती पुरेशी नाहीत हे त्यांना माहीत आहे, आणि गुरुजी काही न बोलता चालत राहिल्यावर ते पुढचे कबूल करतात. नावडती नोकरी सोडायला जे धैर्य लागते ते त्याच नोकरीत सर्वांत आधी खर्ची पडते. सेवापुस्तकात दर वर्षी एक वेतनवाढ नोंदली जाते, गोपनीय अहवालात दर वर्षी एक शेरा मिळतो, आणि वीस वर्षांनी माणसाला बाहेरच्या जगात आपली किंमत काय याचा अंदाजच उरत नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्या समाजाने रचली त्याच समाजात नोकरी नसलेल्या मुलाला मुलगी देताना दहा वेळा विचार होतो, हीही गोष्ट अण्णा मागाहून जोडतात. पण ती सारवासारव आहे हे दोघांच्याही लक्षात येते.

गुरुजींची पुढची चढाई अधिक मजबूत पायावर आहे. त्यांचे म्हणणे, निवृत्तीतले सुख हा मनाचा गुण म्हणून सांगणे फसवे आहे, कारण त्याखाली निवृत्तिवेतनाचा पाया आहे. अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, तीवर महागाई भत्ता, निवृत्त होताना उपदान आणि ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे रोखीकरण, शिवाय निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतच्या भागाचे अंशराशीकरण, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमेचा काही भाग आधीच एकरकमी उचलणे, एवढे सगळे ज्याला मिळाले त्याने सुखाचे तत्त्वज्ञान सांगावे यात नवल ते काय? १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्यशासनाच्या सेवेत आलेल्यांना ही जुनी योजना लागू राहिली नाही, आणि तीच परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप केला. खासगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या १९९५ च्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील आणि २१,००० रुपयांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या वृद्धाला महिना १,५०० रुपये मिळतात, आणि तेही २०२३ च्या वाढीनंतर. शेतमजुराला तर निवृत्तीचे वयच नाही. हात चालेनासे झाले की काम थांबते, एवढाच त्याचा नियम. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या ज्या गिरणी कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या, त्यांच्यापुढे रिकामा वेळ खूप होता, पण त्याला कोणी निवृत्ती म्हटले नाही.

हा मुद्दा अण्णा खोडून काढत नाहीत, आणि काढूही शकत नाहीत. ते एवढेच म्हणतात की पाया असल्याशिवाय घर उभे राहत नाही हे खरे, पण पाया म्हणजे घर नव्हे. तोच पाया, तेवढेच निवृत्तिवेतन गुरुजींनाही आहे, मग ते सुखी का नाहीत? येथे प्रस्तुत लेखकाला अण्णांची बाजू वरचढ वाटते. पैशाने निवृत्तीतील भीती जाते, आणि भीती जाणे ही सुखाची पूर्वअट आहे. परंतु ज्याला काम आवडत होते त्याचे निवृत्तीत नुकसान होते आणि ज्याला आवडत नव्हते त्याचा फायदा होतो, ही साधी गोष्ट नोकरीच्या गौरवाच्या नादात नजरेआड होते.

निवृत्तीचे वय तरी कोण ठरवते? जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० वर्षांची होती, आणि ती ६५ वर आली १९१६ मध्ये. केंद्र शासनाने १९९८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले. महाराष्ट्रात ते चतुर्थ श्रेणी वगळता ५८ राहिले. माणसाच्या देहात किंवा बुद्धीत ५८ या आकड्याशी जुळणारे काहीही घडत नाही. इतकेच नव्हे, तर महाराष्ट्रात हा आकडाही पुष्कळदा कल्पित असतो. ज्या पिढीत घरी जन्मतारखेची नोंद नव्हती त्या पिढीतील मुलांना शाळेत घालताना शिक्षक सोयीने १ जून ही तारीख लिहून टाकत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत. नियमानुसार ज्याची जन्मतारीख महिन्याची १ तारीख असते तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी राज्यभर निवृत्त होणाऱ्यांची झुंबड उडते आणि शालींची दुकाने चालतात. अण्णाही त्या झुंबडीतलेच. “म्हणजे तुमच्याच एखाद्या जातभाईने टाक बुडवला आणि इकडची सुटका ठरवली,” असे ते गुरुजींना म्हणतात, “खरा जन्म दिवाळीच्या पुढेमागे कधीतरीचा, असे आई सांगायची. पाच महिने लवकर सोडवले, त्याबद्दल त्या अज्ञात गुरुजींचे आभार.” गुरुजींनी स्वतःही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत अशा तारखा लिहिल्या आहेत. आपण कोणाकोणाला केव्हा मोकळे केले असेल याचा विचार त्यांनी त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता.

मग अण्णा या सुटकेचे करतात काय? येथे गुरुजींची अपेक्षा अशी असते की उत्तर ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ किंवा ५० टक्के सवलतीतला एसटीचा प्रवास असे काहीतरी येईल. प्रत्यक्षात अण्णा भाकरी करायला शिकले. ज्वारीचे पीठ ताजे असावे लागते, कारण दळून फार दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे पीठ एकत्र धरून ठेवण्याचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. विरी गेलेल्या पिठाला उकळत्या पाण्याची उकड द्यावी लागते. गोळा तळहाताच्या मुळाने मळत राहायचे, पीठ भुरभुरून तो परातीत ठेवायचा आणि बोटांच्या पेरांनी थापत, फिरवत, मोठा करत न्यायचा. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवायचे, ते सुकू लागताच भाकरी उलटायची, आणि दोन्ही अंगे झाली की आचेवर धरायची, म्हणजे पदर सुटून ती टम्म फुगते. पहिले तीन महिने अण्णांच्या भाकरीचा नकाशाच होत असे. आता ती बऱ्यापैकी गोल होते, आणि फुगणाऱ्या भाकरीकडे ते ज्या नजरेने पाहतात तसे त्यांनी ३४ वर्षांत एकाही मंजूर देयकाकडे पाहिले नसेल.

गुरुजींना येथे आपला विजय दिसतो. भाकरी थापणे हे कामच आहे, आणि तेही तोच तोच हात फिरवण्याचे. तेव्हा अण्णा कामापासून निवृत्त झालेलेच नाहीत आणि त्यांची नावड ही कामाची नावड नव्हतीच, असे ते म्हणतात. अण्णा हे आनंदाने मान्य करतात, कारण त्यांना पहिल्यापासून हेच म्हणायचे होते. पण गुरुजी तेवढ्यावर थांबत नाहीत. “समजा, अण्णा, उद्या एखाद्या पोळी-भाकरी केंद्रात रोज तीनशे भाकऱ्यांचे काम धरले, वर देखरेखीला एक बाई ठेवली, आणि चिरलेली भाकरी पगारातून कापायची ठरली, तर ती फुगताना पाहून एवढा आनंद होईल का?” होणार नाही, हे अण्णांना लगेच दिसते. त्यांचे सुख भाकरीत नाही, ती केव्हा करायची आणि केव्हा नाही हे स्वतः ठरवण्यात आहे. म्हणजे आनंद कामाच्या स्वरूपावर अवलंबून नसून वेळेच्या मालकीवर अवलंबून आहे. आणि हे एकदा मान्य केले की नोकरीची नावड ही व्यक्तीच्या स्वभावाची तक्रार न राहता नोकरी या व्यवस्थेविषयीचे विधान होते. ग्रीक भाषेत फुरसतीला ‘स्खोले’ असा स्वतंत्र शब्द होता, उद्योगधंद्याला मात्र ‘अस्खोलिया’, म्हणजे फुरसत नसणे, असे म्हणत, आणि अरिस्टॉटलच्या मते कामाचा हेतू फुरसत मिळवणे हाच होता. पुढे त्याच ‘स्खोले’पासून युरोपीय भाषांतील शाळेसाठीचे शब्द आले, ही गोष्ट गुरुजींना सांगण्यासारखी आहे. अथेन्समधील ती फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती, हेही त्यासोबतच सांगायला हवे.

आणि अण्णांची फुरसत कोणाच्या श्रमावर उभी आहे? हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारत नाही. तो विचारण्याची गरज नसलेली व्यक्ती चहा घेऊन बाहेर येते. “भाकऱ्या रोज आठ होतात, गुरुजी,” अण्णांच्या पत्नी सांगतात, “त्यांतल्या दोन हे करतात. परात, तवा आणि ओटा माझ्याकडे असतो. आणि ह्यांना कंटाळा आला तर त्या दिवशी आठही माझ्या.” राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, शिवाय अजिबात घरकाम न करणाऱ्या पुरुषांची संख्या मोठी आहे, ते या सरासरीत धरलेले नाहीत. वेळेची मालकी हाच सुखाचा पाया असेल, तर ज्यांच्या सेवेला नियत वयोमान नाही त्यांचे काय, या प्रश्नापाशी अण्णांचा सिद्धांत अडतो. अण्णा त्या संध्याकाळी परात घासतात. त्याने सिद्धांत सुटत नाही, पण परात स्वच्छ होते.

निवृत्तीचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांतही याच धर्तीचा वाद आहे. कमिंग आणि हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या अलिप्ततेच्या सिद्धांताप्रमाणे वृद्ध माणूस आणि समाज हे दोघेही संमतीने एकमेकांपासून हळूहळू दूर होतात आणि ते स्वाभाविक आहे. याच्या उलट क्रियाशीलतेचा सिद्धांत असा की सुटलेल्या भूमिकेच्या जागी जो नवी भूमिका घेतो तोच समाधानी राहतो. रॉबर्ट ॲचली यांनी पुढे सातत्याचा सिद्धांत मांडला. माणूस निवृत्तीनंतर नवा होत नाही, आपल्या जुन्याच सवयी आणि आवडी तो नव्या परिस्थितीत चालू ठेवू पाहतो, असा त्याचा सारांश. निवृत्तीच्या पहिल्या काळाला मधुचंद्राची उपमा देऊन त्यानंतर भ्रमनिरास येतो असेही ॲचली यांनी म्हटले होते, आणि गुरुजींची भिस्त या भ्रमनिरासावर आहे. अण्णांचा मधुचंद्र सात वर्षे लांबला आहे, इतकेच.

या संदर्भात इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम याचे उदाहरण आठवावे असे आहे, कारण तोही हिशेबनीसच होता आणि त्याचे हिशेब आपल्याच देशातल्या व्यापाराचे होते. १७९२ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत लागला आणि ३३ वर्षांनी, १८२५ मध्ये, निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी त्याने निवृत्त माणसावर एक निबंध लिहिला. सुटकेचा पहिला धक्का आनंदाचा नसून गोंधळाचा असतो, एवढा मोकळा वेळ एकदम अंगावर आला की माणूस दिङ्मूढ होतो, हे त्यात फार बारकाईने आले आहे. निबंधातला निवृत्त माणूस जुन्या सोबत्यांना भेटायला कचेरीत जातो तेव्हा त्याचे मेज आणि टोपी अडकवायची खुंटी दुसऱ्याला दिलेली असते. ते होणारच हे त्याला ठाऊक असते, तरी ते मनाला लागते. नोकरी नावडणाऱ्यालाही खुंटी आपली वाटत असते, ही यातली मेख आहे.

लॅमच्या निबंधातला हा प्रसंग अण्णांनी सांगितल्यावर गुरुजी बराच वेळ बोलत नाहीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या जूनमध्ये ते शाळेत गेले होते. नव्या मुख्याध्यापकांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दहा मिनिटांनी विनयाने सांगितले की ऑनलाइन माहिती भरायची आहे. परिपाठाची घंटा झाली तेव्हा गुरुजी सवयीने उठून उभे राहिले आणि व्हरांड्यात येऊन पाहतात तो मुले त्यांच्याकडे न बघता रांगेत उभी राहत होती. “मुलांची आठवण येते असे सगळ्यांना सांगतो, अण्णा,” ते म्हणतात, “पण खरे म्हणजे घंटेची येते. घंटा झाली की दोनशे माणसे गप्प व्हायची.” हे वाक्य गुरुजींच्या बाजूचे नाही आणि अण्णांच्याही नाही. काम आवडत होते असे म्हणणाऱ्याला त्यातले काय आवडत होते, याचा हिशेब नोकरी चालू असताना कोणी मागत नाही, आणि आवडत नव्हते असे म्हणणाऱ्यालाच तेवढा जाब द्यावा लागतो. दोघांना एकाच मापाने मोजायचे, तर गुरुजींच्या आवडीची तपासणी अण्णांच्या नावडीइतकीच कसून व्हायला हवी होती.

त्याच आठवड्यात चार भिंतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक दिवा बंद पडला आणि वसाहतीतर्फे नगरपालिकेला अर्ज देण्याचे ठरले. मसुदा अण्णांनी केला. ‘विषय’, ‘संदर्भ’, मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात, तीन क्रमांकित मुद्दे, खांबाचा क्रमांक, पूर्वी दिलेल्या अर्जाची तारीख, आणि अखेरीस प्रतिलिपी कोणाला ती यादी. सात वर्षे हात न लावलेला साचा जसाच्या तसा बाहेर आला आणि तो लिहिताना अण्णा अगदी रंगून गेले होते, हे त्यांच्या पत्नीच्या नजरेतून सुटले नाही. गुरुजींनी तो वाचला, खिशातून लाल शाईचे पेन काढले आणि दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. स्वच्छ प्रत तयार झाल्यावर अण्णांनी सहीखाली केवळ आपले नाव लिहिले. गुरुजींनी सही केली, नाव लिहिले, आणि त्याखाली आणखी एक ओळ घातली, ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’.